सॅव्हाना चिमणीची उपजाती ठरवताना: आधी काय बघायचं, रंग शेवटी का

अटलांटिक किनाऱ्यावर वाळूत बसलेली फिकट चिमणी, आणि फोटोखाली ठोकून दिलेलं नाव: इप्सविच, म्हणजे सॅव्हाना चिमणीची एक उपजाती. दक्षिण कॅलिफोर्नियातून येणाऱ्या फोटोंत हाच प्रकार बेल्डिंग या दुसऱ्या उपजातीच्या नावाने चालतो. बघण्यात कुणी कमी पडत नाही, फक्त क्रम उलटा होतो. माणूस आधी रंग बघतो, मग पुस्तकात त्या रंगाचं नाव शोधतो. सॅव्हाना चिमणीच्या बाबतीत रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे, तो शेवटी हातात घ्यायचा.

हा लेख उत्तर अमेरिकेत पक्षी बघणाऱ्यांसाठी आहे. दुर्बीण आणि कॅमेरा एवढंच सामान धरलं आहे. पक्षी पकडून मोजमाप घेणं परवान्याशिवाय बेकायदा आहे, त्यामुळे तो भाग यात नाही.

शब्दांचा घोळ आधीच मिटवतो. बोलताना आपण स्पीशीजला 'प्रजाती' म्हणतो, पण जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. इथे मी जाती आणि उपजाती हेच शब्द वापरतो आहे. आणि 'चिमणी' म्हटलं तरी आपल्या घरात खोपा करणाऱ्या चिमणीशी हिचं जवळचं नातं नाही. हिचं कुळ पॅसरेलिडी. पूर्वी हिला भारीट पक्ष्यांच्या कुळात धरत, आणि ते नातं घरच्या चिमणीपेक्षा खरंच जवळचं आहे.

## टप्पा १: घरून निघण्याआधी पाच गट पाठ करा

शास्त्रीय नाव पॅसरक्युलस सँडविचेन्सिस. (हवाईला पूर्वी सँडविच बेटं म्हणत, पण यातल्या सँडविचचा त्यांच्याशी संबंध नाही, मूळ नमुना अलास्काकडच्या उनालास्का बेटाचा. आणि 'सॅव्हाना' हे नावही गवताळ रानावरून आलेलं नाही, ते जॉर्जियातल्या सॅव्हाना शहराचं.) बहुतेक याद्यांत हिच्या पंधराहून जास्त उपजाती आहेत, आणि यादी बदलली की आकडाही बदलतो. त्या सगळ्या पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मैदानात उपयोगी पडतात ते पाच गट:

1. साधी सॅव्हाना. अलास्कापासून लॅब्रॅडॉरपर्यंत आणि खाली मेक्सिकोच्या पठारापर्यंत, कुरणं, शेतं, टुंड्रा, दलदलीच्या कडा. बहुतेक उपजाती याच गटात येतात: पश्चिमेच्या आतल्या भागातली फिकट नेवाडेन्सिस, ईशान्येची सव्हाना, लॅब्रॅडॉर-न्यूफाउंडलंडची गडद लॅब्रॅडोरियस, अलास्का आणि उत्तर कॅनडाची अँथिनस, कॅलिफोर्निया किनाऱ्याची अलॉडिनस वगैरे.
2. इप्सविच (प्रिन्सेप्स). घरटं जवळजवळ फक्त सेबल बेटावर. हे नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत समुद्रातलं वाळूचं बेट. हिवाळ्यात अटलांटिक किनाऱ्याच्या वाळूच्या टेकाडांवर.
3. बेल्डिंग. दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याच्या खारदलदली. बारमाही तिथेच.
4. जाडचोची (रोस्ट्रेटस आणि अट्रॅटस). मेक्सिकोच्या सोनोरा-सिनालोआ किनाऱ्याची. वीण संपली की यातल्या काही उत्तरेला सरकतात.
5. सान बेनितो (सँक्टोरम). बाहाच्या पश्चिमेच्या सान बेनितो बेटांवरची. तिथे गेला नाहीत तर ही विसरा.

इ-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करतानाही याच गटांचे पर्याय मिळतात.

तपासा: आज जिथे जाणार आहात तिथे या महिन्यात पाचपैकी कोणते गट शक्य आहेत? उत्तर कागदावर लिहून मगच बाहेर पडा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं, 'साधी'. मग पुढचे निम्मे टप्पे लागतच नाहीत.

## टप्पा २: आधी ही सॅव्हानाच आहे का ते बघा

हास्यास्पद वाटेल, पण उपजातीचे कितीतरी वाद जातीच चुकल्यामुळे पेटतात. ही चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे: १८६८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच इथे चार्ल्स मेनार्ड यांना पहिली इप्सविच चिमणी मिळाली, तेव्हा ती आधी बेअर्डची चिमणी या वेगळ्याच जातीची म्हणून धरली गेली होती. वेगळी म्हणून तिचं वर्णन व्हायला १८७२ उजाडलं.

बघायच्या गोष्टी, याच क्रमाने:

- शेपटी. आखूड, टोकाला किंचित खाच. साँग चिमणीची शेपटी लांब आणि गोलसर असते, उडताना ती खालीवर हलताना दिसते.
- शेपटीच्या कडा. बाहेरची पिसं स्वच्छ पांढरी चमकली तर ती व्हेस्पर चिमणी. सॅव्हानाच्या कडा जेमतेम फिकट असतात.
- छातीच्या रेघा. बारीक, सुबक. मधोमध एकत्र येऊन ठिपका झाला म्हणून साँग चिमणी ठरवू नका, सॅव्हानालाही तो ठिपका दिसतो.
- भुवईचा पुढचा भाग. चोच आणि डोळा यांच्यामध्ये पिवळसर झाक. उन्हाळ्यात ठळक, हिवाळ्यात कधी अगदी पुसट.
- पाय. गुलाबी.

पिवळी भुवई नाही म्हणून सॅव्हाना बाद करणं ही नवशिक्यांची चूक. पिवळी भुवई दिसली की लगेच सॅव्हाना म्हणणं ही थोड्या अनुभवी मंडळींची. ग्रासहॉपर चिमणीलाही तिथे पिवळं असतं, पण तिची छाती साधी, डोकं चपटं आणि शेपटी आणखी तोकडी.

## टप्पा ३: तारीख

फोटोवर तारीख नसेल तर माझ्या मते तो फोटो उपजातीसाठी निकामी आहे. सॅव्हानाचे बहुतेक समूह स्थलांतर करतात. जून-जुलैत जो पक्षी गातोय, चोचीत अळ्या घेऊन फिरतोय, तो तिथलाच, आणि त्याला तिथल्या विणीच्या उपजातीचं नाव देणं बरंच सुरक्षित. ऑक्टोबरात तोच बांध, तीच तार, पण तारेवर बसलेला पक्षी कुठून आला ते त्याच्याकडे बघून कळत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खारदलदलीचं उदाहरण घ्या. जूनमध्ये तिथे दिसणारी सॅव्हाना म्हणजे बेल्डिंगच, कारण साध्या गटातले पक्षी तेव्हा उत्तरेला विणीवर असतात. सप्टेंबरपासून वसंतापर्यंत साधे पक्षीही त्याच दलदलीच्या कडेला उतरतात, आणि जाडचोचीही येऊ शकते. म्हणजे एकाच जागी उन्हाळ्यात एक गट आणि हिवाळ्यात तीन. जागेचं नाव सांगून 'इथे तर बेल्डिंगच असते' म्हणणारा माणूस अर्ध्या वर्षापुरता बरोबर असतो.

जाडचोचीचं वेळापत्रक आणखी फसवं आहे. ती वीण आटोपून उन्हाळ्यातच उत्तरेला येते, जुलैपासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराच्या काठावर दिसू लागते. 'स्थलांतर म्हणजे हिवाळा' असं धरून बसलेल्यांच्या ती डोळ्यांसमोरून निघून जाते.

इप्सविचसाठी उलटा हिशोब. भर उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर इप्सविच लिहिलीत तर तो दावा जवळपास अशक्य आहे. तो पक्षी तेव्हा सेबल बेटावर असतो.

सावधान: कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असतं. मोहिमेच्या पहिल्या दिवशी वहीचा, तारीख लिहिलेल्या पानाचा एक फोटो काढून ठेवा.

## टप्पा ४: पायाखाली काय आहे

राज्य आणि गाव एवढ्याने भागत नाही. पक्षी ज्या दहा पावलांत वावरतोय तिथे काय उगवलंय ते लिहा.

इप्सविच हिवाळ्यात टेकाडांवरच्या गवतात राहते: गवताचे झुबके, मध्ये उघडी वाळू, पक्षी पळत पळत एका झुबक्यातून दुसऱ्यात. टेकाडामागच्या मैदानात, वाहनतळाच्या कडेच्या कापलेल्या हिरवळीवर जी रेघांची चिमणी दिसते ती बहुधा साधी. उलट बाजूही लक्षात ठेवा: साधी सॅव्हाना टेकाडांवरही येते. टेकाड दिसलं की इप्सविच शक्य होते, सिद्ध होत नाही.

बेल्डिंगची खूण म्हणजे सॅलिकॉर्निया, खारदलदलीतली ती बुटकी, रसरशीत, कांड्याकांड्यांची वनस्पती. भरतीच्या वेळी दलदलीच्या कडेला उभं राहून बघितलं तर पक्षी तिच्या शेंड्यावर येऊन बसतो, मान उंच करून एकदा गातो आणि खाली पडल्यासारखा आत शिरतो. पुन्हा दिसतो तो दुसऱ्याच झुडपावर. ही जागा नुसती आवडीची नाही, तिचा शरीराशी संबंध आहे. बेल्डिंगची मूत्रपिंडं लघवी इतकी दाट करू शकतात की समुद्राइतकं खारं पाणी पिऊनही तिचं भागतं. गोड्या पाण्याच्या प्रदेशातल्या तिच्या भावंडांना ते जमत नाही.

सावधान: दलदलीत आणि टेकाडांवर आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. कॅलिफोर्नियाने बेल्डिंगला १९७४ सालीच संकटग्रस्त घोषित केलं आहे. मोबाइलवर गाणं वाजवून तिला बाहेर काढणं तर अजिबात नको.

## टप्पा ५: चोच

या टप्प्याला घाई करू नका. पिसं झिजतात, मळतात, उन्हात विटतात. चोचीचा आकार तसा बदलत नाही, म्हणून रंगापेक्षा तिच्यावर जास्त भिस्त ठेवायची.

साध्या गटाची चोच बारीक, टोकदार, चेहऱ्याच्या मानाने लहान. बेल्डिंगची थोडी लांब. जाडचोचीची मात्र फुगीर: वरची कड ठळक वळते, बुंध्याशी चोच खोल असते, आणि चेहरा एकदम वेगळ्याच पक्ष्याचा वाटतो. त्या चेहऱ्याला बाकीचीही साथ मिळते. डोक्यावरचे पट्टे पुसट, पाठ जवळजवळ सपाट राखाडी-तपकिरी, छातीच्या रेघा काळ्या नसून विरघळल्यासारख्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती सॅव्हाना वाटतच नाही. जाडचोची ओळखताना तुम्हाला फार विचार करावा लागत असेल तर ती बहुधा जाडचोची नाही.

मोजायचं कसं? सेंटिमीटर विसरा, प्रमाण घ्या.

1. पक्षी अगदी आडवा असलेला, चोच बंद असलेला फोटो निवडा. मान थोडी जरी आपल्याकडे वळली असेल तरी चोच आखूड दिसते.
2. पडद्यावर फोटो मोठा करून पट्टीने चोचीच्या टोकापासून पिसं सुरू होतात तिथपर्यंतचं अंतर घ्या.
3. त्याच पट्टीने पिसांच्या कडेपासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या.
4. पहिल्याला दुसऱ्याने भागा. बुंध्याशी चोचीची उंचीही अशीच काढा.
5. हेच तुमच्या स्वतःच्या, विणीच्या काळात काढलेल्या खात्रीच्या साध्या सॅव्हानांच्या फोटोंवर करा आणि आकडे शेजारी ठेवा.

पाचवी पायरी लोक गाळतात, आणि मग हातात आलेल्या आकड्याला अर्थच उरत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातलं माप मेलेल्या नमुन्याचं किंवा हातात धरलेल्या पक्ष्याचं असतं, ते तुमच्या पडद्यावरच्या प्रमाणाशी जुळवू नका.

तपासा: चोचीत बी, कोळी किंवा चिखल नाही ना? चिखल लागलेली चोच खोल दिसते. मी स्वतः एक संध्याकाळ अशाच चिखलाच्या नादाने घालवली आहे. दुसऱ्या दिवशी त्याच काठावर तोच पक्षी, धुतलेल्या चोचीने, अगदी साधा निघाला.

## टप्पा ६: आता रंग

एवढं झाल्यावर रंगाकडे या, आणि आधी तीन प्रश्न विचारा.

पिसं किती जुनी? सॅव्हाना चिमणी वीण संपल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी, सगळी पिसं बदलते. वसंतात डोक्याची आणि अंगाची थोडीच बदलते. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातला पक्षी ताजा, पिसांच्या कडा तांबूस, एकूण रूप उबदार. तोच पक्षी पुढच्या जुलैत कडा झिजून राखाडी, रेघा काळ्या आणि उघड्या. गडद उपजातीचा ताजा पक्षी आणि फिकट उपजातीचा झिजलेला पक्षी शेजारी ठेवून केलेली तुलना फुकट जाते. त्यातच उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिल्लं असतात, पिवळट आणि भरगच्च रेघांची, त्यांना उपजातीच्या तराजूत घालूच नका.

उजेड कसला? सूर्य मावळतीला असताना नेवाडेन्सिससारखा फिकट पक्षीही तांबूस होतो. पांढऱ्या वाळूवर दुपारी काढलेल्या फोटोत उजेड जास्त पडला की कुठलीही सॅव्हाना इप्सविच होते. फोटोतल्या वाळूकडे बघा: वाळूचे कण दिसत नसतील, नुसता पांढरा पट्टा असेल, तर पक्ष्याचा फिकेपणाही कॅमेऱ्याने केलेला आहे.

सोबत कोण आहे? एकटा पक्षी फिकट की गडद हे ठरवणं अवघड. त्याच चौकटीत दुसरी सॅव्हाना असेल तर फरक लगेच बोलतो.

इप्सविच खरंच समोर आली तर ती नुसती फिकट नसते. ती मापाने मोठी, अंगाने भरलेली, आणि छातीच्या रेघा काळ्याऐवजी फिक्या तांबूस-तपकिरी. फिकेपणा, आकार आणि रेघांचा रंग हे तिन्ही जमले पाहिजेत. यातलं एकच जमलं तर नाव लिहू नका.

बेल्डिंग याच्या दुसऱ्या टोकाला. खालच्या अंगावर जाड, काळ्या, दाटीवाटीच्या रेघा आणि एकूण रूप काळवंडलेलं. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना हा गडदपणा एका रेषेवर सुरू होत नाही, तो हळूहळू चढत जातो. अलॉडिनसही गडदच असते. त्यामुळे मधल्या पट्ट्यातल्या पक्ष्याला नुसत्या रेघांवरून बेल्डिंग म्हणणं धोक्याचं.

ढोबळ नियम एवढाच की ओलसर, किनारी प्रदेशांत पक्षी गडद, आतल्या कोरड्या प्रदेशांत फिकट. तो समूहांना लागू पडतो, तुमच्या समोरच्या एका पक्ष्याला लागू पडेलच असं नाही.

## टप्पा ७: कुठे थांबायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या थांबता न आल्यामुळे होतात.

उपजाती म्हणजे पेट्या नव्हेत. शेजारच्या दोन उपजातींमध्ये बहुतेकदा हळूहळू बदलत जाणाऱ्या रूपांचा लांबच लांब उतार असतो, आणि उताराच्या मध्यावरच्या पक्ष्याला कुठलंच नाव नीट बसत नाही. वर्गीकरणात पूर्वापार वापरला जाणारा ७५ टक्क्यांचा नियमसुद्धा एवढंच मागतो की एका समूहातले निदान पाऊण पक्षी दुसऱ्यापेक्षा वेगळे ओळखता यावेत. म्हणजे उरलेला पाव हिस्सा नियमानेच संदिग्ध असू शकतो. तुमच्या फोटोतला पक्षी त्या पावातला नाही हे कशावरून?

डीएनएकडे धाव घेणाऱ्यांसाठी: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासात ठळक फट पडली ती बाहा-सोनोराच्या खारदलदलीतले पक्षी आणि खंडभर पसरलेले साधे पक्षी यांच्यात. दिसायला इतकी वेगळी असलेली इप्सविच मात्र साध्यांतच मिसळली. यावरून काही याद्यांनी दक्षिणेचे गट स्वतंत्र जाती म्हणून वेगळे काढले, अमेरिकन पक्षीशास्त्र संस्थेच्या यादीने (पुढे 'अमेरिकन यादी') ते एकाच जातीत ठेवले. इप्सविच स्वतः १९७३ पर्यंत स्वतंत्र जाती मानली जायची. तुम्ही मानता त्या यादीत कोणती पद्धत आहे ते बघूनच पाहिलेल्या जातींचा आकडा वाढवा. आणि अमेरिकन यादीच्या ताज्या आवृत्तीत उपजाती शोधत बसू नका, १९५७ च्या आवृत्तीनंतर ती उपजाती देतच नाही.

माझा स्वतःचा पायंडा असा:

- गट स्पष्ट, वीण चालू, जागा उपजातीच्या क्षेत्राच्या मधोमध: उपजातीचं नाव लिहितो.
- गट स्पष्ट, पण हिवाळा किंवा क्षेत्राची कड: फक्त गट.
- गटाबद्दलच शंका: नुसतं 'सॅव्हाना चिमणी'.

तिसरं उत्तर लिहायला लाज वाटू देऊ नका. हिवाळ्यात टेक्सासच्या शेतातल्या साध्या सॅव्हानाला नेवाडेन्सिस म्हणायचं की अँथिनस, याचं उत्तर फोटोतून निघत नाही.

गाण्याचा आधार घ्यायचा मोह होतो. दोन-तीन सुटे टिचके, मग किड्यासारखी लांब घरघर आणि शेवटी एक आखूड खालचा सूर. पण नर गाणं ऐकून शिकतात, गावागणिक ढंग बदलतो. कॅनडातल्या केंट बेटावर अनेक वर्षं केलेल्या ध्वनिमुद्रणांत तर एकाच समूहाचं गाणं तीस वर्षांत बदललेलं दिसलं. गाणं ऐकून जाती ठरवा, उपजाती नको.

## टप्पा ८: नोंद लिहिणं

नावापेक्षा पुरावा आधी लिहा. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असते: 'टेकाडावरचं गवत, उघडी वाळू. शेजारी दोन साध्या सॅव्हाना, हा पक्षी दोन्हींपेक्षा मोठा. रेघा तांबूस, काळ्या नाहीत. पिसं ताजी. ढगाळ उजेड. आडवा फोटो आहे.' याखाली इप्सविच लिहिलं तर कुणालाही तपासता येतं, आणि उद्या मत बदललं तरी नोंद वाया जात नाही.

फोटो निदान तीन जोडा: आडवा, समोरून छाती, आणि आजूबाजूची झाडं दिसतील असा लांबून. तिसरा फोटो सुंदर नसतो म्हणून लोक पुसून टाकतात. मला विचाराल तर आधी तोच जपून ठेवा.

मग एका मोकळ्या दुपारी जुन्या नोंदी उघडा. हिवाळ्यातल्या उपजातींच्या नावांपुढे वरचे टप्पे लावून बघा आणि न टिकणारी नावं गटावर किंवा जातीवर आणून ठेवा. माझ्या 'इप्सविच'पैकी दोन अशाच गेल्या. एकीच्या फोटोत वाळूचे कण दिसत नव्हते, दुसरीचा पक्षी वाहनतळाच्या हिरवळीवर होता.